जो सापडलाच नाही, त्याचं सुतक कधी फिटतं?

कोकणातल्या मोठ्या दुर्घटनांच्या तारखा एकाखाली एक लिहिल्या, तर त्यांतल्या बहुतेक पाच आठवड्यांत मावतात. 2 जुलै 2019, चिपळूणचं फुटलेलं तिवरे धरण. 17 जुलै 1947, बुडालेली रामदास बोट. 19 जुलै 2023, इर्शाळवाडीची दरड. 22 जुलै 2021, तळियेची दरड. 25 जुलै 2005, महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव आणि आजूबाजूच्या गावांवरच्या दरडी. 2 ऑगस्ट 2016, सावित्रीवरचा पूल. त्यामुळे आषाढ लागला की वाहिन्यांचे कॅमेरे पुन्हा त्याच दारांत येऊन उभे राहतात. 'इतक्या वर्षांनी काय भावना आहेत?' असं विचारलं जातं. घरातली बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहते, बोलत नाही. बघणाऱ्याला वाटतं, बिचारी अजून सावरली नाही.

ती सावरली नाही असं नाही. रोज पहाटे उठून डबे करते, भातलावणीला जाते, मुलांच्या फिया भरते. तिचं दुःख मात्र संपलेलं नाही आणि त्यामागे कारण आहे. या सगळ्या दुर्घटनांमध्ये एक गोष्ट सारखी आहे: काही माणसं मिळालीच नाहीत. त्या एका गोष्टीमुळे दुःखाचं गणित कसं बदलतं, ते इथे सोपं करून सांगायचा प्रयत्न आहे.

माणसं सापडत का नाहीत?

शहरातल्या माणसाला हे पटत नाही. एवढी यंत्रणा, नौदल, एनडीआरएफ, मग मृतदेह कसे मिळत नाहीत?

सावित्रीचंच घ्या. महाडजवळचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल रात्रीच्या अंधारात, भर पुरात कोसळला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या दोन एसटी आणि एक तवेरा गाडी त्यात गेली. सावित्री तिथून पुढे बाणकोटच्या खाडीला आणि खाडी समुद्राला मिळते. पुराचं पाणी, त्यात भरती-ओहोटीची ओढ. काही मृतदेह कित्येक किलोमीटर खाली, खाडीत आणि थेट समुद्रकिनाऱ्यावर मिळाले. लोखंडाची अख्खी एसटी शोधायलाही कित्येक दिवस गेले. माणसाचं शरीर तर त्याहून हलकं. काही प्रवासी कधीच मिळाले नाहीत.

डोंगराची गोष्ट वेगळी. इर्शाळवाडीला जायला गाडीरस्ताच नव्हता, चढणीची पायवाट होती. अवजड यंत्रं वर चढवणं अशक्य, म्हणून माणसांनी फावड्या-कुदळींनी चिखल उपसला. वरून पाऊस, आणि डोंगर पुन्हा खाली येईल ही भीती. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा 27 मृतदेह मिळाले होते आणि 57 माणसं बेपत्ता होती. तळियेतही असंच झालं. 80हून अधिक माणसं गेली आणि त्यांतल्या कितीतरी जणांना डोंगराखालीच सोडून शोध थांबवावा लागला.

समुद्रात आणखी एक अडचण येते. मृतदेह मिळतो, पण ओळखू येत नाही. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात मुंबईपासून दूर समुद्रात पी-305 हा तराफा बुडाला. त्यानंतर रायगडच्या आणि गुजरातच्या किनाऱ्यांना लागलेल्या काही मृतदेहांची ओळख डीएनए तपासूनच पटवावी लागली. तोवर घरच्यांनी करायचं काय? शवागाराबाहेर बसायचं.

मृतदेह मिळाल्याने असा काय फरक पडतो?

खूप पडतो, आणि तो भावनेपुरता नाही. माणूस गेला हे कळणं आणि पटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कळायला एक फोन पुरतो. पटायला डोळ्यांनी बघावं लागतं, पायाला हात लावावा लागतो, शेवटचं पाणी पाजावं लागतं, खांदा द्यावा लागतो. दहावा, तेरावा, चाळिसावा या साऱ्यांतून कुटुंबाला आणि गावाला टप्प्याटप्प्याने सांगितलं जातं की हे खरोखर झालंय, आता तुम्ही कामाला लागा. मृतदेहच नसेल तर ही साखळी पहिल्याच कडीला तुटते.

अमेरिकेतल्या पॉलीन बॉस या कुटुंब-उपचारतज्ज्ञ. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या घरच्यांचा अभ्यास करताना 1970च्या दशकात त्यांनी या प्रकाराला नाव दिलं. मराठीत त्याला 'अनिश्चित वियोग' म्हणता येईल. माणूस घरात नाही, पण गेल्याचा पुरावाही नाही. (याची उलटी बाजूही त्यांनी सांगितली: माणूस समोर बसलेला आहे, पण स्मृतिभ्रंशाने त्याच्यातला 'तो' उरलेला नाही.) पुढे 2001 मध्ये न्यूयॉर्कचे दोन मनोरे पडले, तेव्हा बेपत्ता कामगारांच्या घरच्यांबरोबर त्यांनी काम केलं. तिथे गेलेल्या 2,753 जणांपैकी जवळपास 1,100 जणांच्या अवशेषांची ओळख अजूनही पटलेली नाही. जगातल्या सर्वांत श्रीमंत शहरात ही स्थिती आहे, तर आपल्या डोंगरातली कल्पना करा.

आपल्या घरातलं उदाहरण घेऊ. रात्री उशिरा येणाऱ्यासाठी आई ताट वाढून झाकून ठेवते. तो जेवला की ताट घासायला जातं. तो येणार नाही असा निरोप आला, तर वाईट वाटतं, पण ताट उचललं जातं. निरोपच आला नाही तर? ताट उचलावं तर त्याला उपाशी ठेवल्यासारखं होतं, आणि ठेवावं तर रात्र सरत नाही. अनिश्चित वियोगात माणूस वर्षानुवर्षं त्या झाकलेल्या ताटाशी बसलेला असतो. बाहेरच्याला ते 'कवटाळून बसणं' वाटतं. आतून ती एक निवड असते, जी रोज नव्याने करावी लागते, आणि कुठलीही केली तरी अपराधीच वाटतं.

रामदासच्या बाबतीत हे पिढ्यांवर गेलं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट, गटारीच्या तोंडावर गावाकडे निघालेली माणसं. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. 600हून अधिक माणसं बुडाली. पुढचे कितीतरी दिवस किनाऱ्याला मृतदेह लागत होते, आणि पुष्कळ लागलेच नाहीत. अलिबाग-रेवस पट्ट्यात अजूनही जुनी माणसं कालगणना सांगताना 'रामदास बुडाली त्या साली' म्हणतात.

कागदावर माणूस कधी मरतो?

कायद्याचं उत्तर आहे सात वर्षं. 1872च्या पुरावा कायद्यात हे कलम 108 होतं. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते 111 झालं. त्याचा सोपा अर्थ असा: ज्यांना एखाद्याची खबरबात सहज कळली असती, अशा लोकांना सात वर्षं ती कळली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर जाते.

मोठ्या आपत्तीत सरकार इतकं थांबत नाही. 2013च्या उत्तराखंड प्रलयानंतर आणि 2021मध्ये चमोलीला बेपत्ता माणसांच्या मृत्युनोंदीसाठी खास पद्धत ठरवली गेली. आपल्याकडे तळिये, इर्शाळवाडीतही बेपत्तांना मृत धरलं गेलं. ते योग्यच झालं. दाखल्याशिवाय वारसनोंद नाही, सातबाऱ्यावर फेरफार नाही, विमा नाही, मदत नाही.

पण यात एक विषमता आहे, आणि तिच्याबद्दल फार कुणी बोलत नाही. शंभर माणसं एकदम गेली तर राष्ट्रीय बातमी होते, मंत्री येतात, दाखले लवकर निघतात. एकटा खलाशी बोटीवरून पडला आणि मिळाला नाही, तर त्याच्या बायकोच्या वाट्याला सात वर्षं येण्याची भीती असते. दुःख तेवढंच, रांग वेगळी.

दापोली तालुक्यातल्या एका बंदरावर रेशन दुकानात ई-केवायसी चालू होतं. घरातल्या प्रत्येकाने पॉस मशीनवर अंगठा लावायचा. एक बाई चार माणसांना घेऊन आली होती. कार्डावर नावं पाच.
"पाचवे कुठे? मुंबईला असतील तर तिकडेही होतं वहिनी."
"बोटीवर गेलेला. नाय आला."
दुकानदाराने मशीनची काच शर्टाच्या बाहीने पुसली. "मग नाव कमी करून घ्या ना. दाखला जोडा, झालं."
"दाखला तेच मागतात, काय झाला ते सांगा. मला म्हायती असता तर सांगितला नसता?"
मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "अगो, बाकीच्यांचे आंगठे लाव आधी, सर्व्हर जाईल." चौघांचे लागले. पाचव्या नावापुढे मशीन 'प्रलंबित' दाखवत राहिलं. खात्याने बरोबर शब्द निवडला म्हणायचा.

धर्माने यावर काही विचार केला होता का?

केला होता, आणि बराच शहाणपणाने. मृतदेह मिळाला नाही तर पळसाच्या देठांची आणि दर्भाची माणसाच्या आकाराची प्रतिमा करायची आणि तिला अग्नी द्यायचा. हा पालाशविधी. नुसता परागंदा झालेला असेल, तर बारा वर्षं वाट बघून क्रिया करायची अशी रूढी. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, आणि त्या पंथात मयत समोर नसताना पढायची गायबाना नमाज मान्य आहे.

मला सर्वांत थक्क करणारा नियम निबंधग्रंथांतला, म्हणजे धर्मशास्त्राचे नियम एकत्र करणाऱ्या जुन्या ग्रंथांतला वाटतो. प्रतिमेचं दहन झालं आणि नंतर माणूस जिवंत परत आला तर? त्याला तुपाने न्हाऊ घालून जातकर्मापासूनचे, म्हणजे जन्माच्या वेळेपासूनचे संस्कार पुन्हा करायचे, आणि त्याने आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. म्हणजे निरोप देतानाही दार पूर्ण लावून घेतलं नव्हतं. किती जण खरोखर परतले असतील ते सोडा. पण 'क्रिया केली म्हणजे आपणच त्याला मारलं' ही जी टोचणी घरच्यांना लागते, तिच्यावर एवढं नेमकं औषध दुसरं सापडणार नाही.

पण काळ हेच औषध नाही का?

बहुतेकांसाठी आहे, अर्धंमुर्धं. दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, शेवटची स्वीकाराची, असं आपण ऐकलेलं असतं. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी 1969मध्ये त्या मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या. प्रत्यक्षात माणूस पायऱ्या चढत नाही.

नेदरलँड्समधले मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी 1999मध्ये मांडलेलं चित्र आपल्या अनुभवाच्या जास्त जवळ आहे. माणूस दोन बाजूंना येरझाऱ्या घालतो. कधी गेलेल्याकडे, कधी उरलेल्या संसाराकडे. सकाळी फोटोसमोर रडलेली बाई दुपारी बाजारात बांगड्याच्या वाट्यावरून घासाघीस करते, संध्याकाळी शेजारणीच्या विनोदावर हसते. 'हिला काहीच वाटत नाही' म्हणणारे चूक, आणि 'ही सावरली' म्हणणारेही घाईत असतात. या येरझाऱ्या म्हणजेच सावरणं. त्या वीस वर्षांनीही चालू असतात, फक्त फेऱ्यांतलं अंतर वाढतं.

मग दर पावसाळ्यात ते उसळतं कसं?

धोक्याच्या क्षणी मेंदू घटना जपतोच, भोवतालचा तपशीलही जपतो. पत्र्यावरचा पावसाचा आवाज, ओल्या मातीचा वास, वीज गेल्यावरचा काळोख. मेंदूतला अमिग्डला हा बदामाएवढा भाग यांतलं काहीही पुन्हा जाणवलं की इशारा देतो, आणि विचार जागा होण्याआधी छाती धडधडायला लागते. वर्षश्राद्धाच्या, दुर्घटनेच्या तारखेच्या आसपास झोप उडणं, चिडचिड, पोटात कालवणं हे जगभर दिसतं. कोकणात तारीख विसरली तरी नक्षत्र विसरू देत नाही. दरडीतून वाचलेली माणसं जोराचा पाऊस लागला की अंथरूण घालत नाहीत, भिंतीला टेकून बसून राहतात. यात वेडेपणा काही नाही. डोंगर एकदा खरंच आला होता.

हे आजार कधी समजायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या, 2022पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात 'लांबलेला शोक' हा स्वतंत्र विकार आहे. सहा महिन्यांहून जास्त काळ रोजच्या रोज तीव्र ओढ, आणि त्यामुळे जगणंच थांबलेलं असेल, तर तो धरतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांची व्याख्या मोठ्यांसाठी एक वर्षाची आहे. दोन्हीकडे एक अट आहे, ती महत्त्वाची: त्या त्या समाजाच्या रीतीहून हे बरंच पलीकडचं असलं पाहिजे. वर्षभर सण न करणारी कोकणातली विधवा त्यामुळे आजारी ठरत नाही.

अनेक अभ्यास एकत्र करून 2017मध्ये काढलेला अंदाज असा की आप्त गमावलेल्या दहा प्रौढांतल्या साधारण एकाला हा त्रास होतो. अपघात, आपत्ती, हिंसा अशा मृत्यूंनंतर हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जातं, असं 2020च्या अशाच एका अभ्यासात दिसलं. यावर नेमका उपचार आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या कॅथरीन शिअर यांची 16 बैठकांची पद्धत पारखलेली आहे. नैराश्याच्या गोळ्या सोबतच्या नैराश्याला मदत करतात, पण नुसत्या गोळ्यांनी शोक हलत नाही, हेही त्यांच्याच चाचणीत दिसलं.

'पैसे मिळाले ना त्यांना?'

हा प्रश्न पाठीमागे विचारतात. मिळाले. त्यातून मुलांची शिक्षणं झाली, पत्रे बदलले. पण मदतीचा चेक हा बहुतेक घरांत माणूस मेल्याचा पहिला अधिकृत पुरावा असतो, आणि तो सही करून घ्यावा लागतो. पैशांवरून दीर-भावजयीत कोर्टकचेऱ्या झालेली घरंही आहेत. मदत द्यायलाच हवी, दुःखाची किंमत चुकती झाली असं मात्र कुणी समजू नये.

'बोलून मोकळं व्हायला नको?'

बोलावंसं वाटलं तर. दुर्घटनेनंतर लगेच प्रत्येकाला बसवून सगळं सांगायला लावायचं, अशी एक पद्धत पूर्वी जोरात होती. त्याने फायदा होत नाही, काहींना उलट त्रास होतो, असं अभ्यासांत आढळलं. जागतिक आरोग्य संघटना आता असं एकदाच बसवून वदवून घेणं सुचवत नाही. तिचा 2011चा मंत्र साधा आहे: बघा, ऐका, आणि गरज असेल तिथे जोडून द्या. कॅमेरा समोर धरून 'त्या रात्री काय झालं?' विचारणं या तिन्हींत बसत नाही, हे माझं मत.

मग घरच्यांनी, गावाने करायचं काय?

बॉस यांचं म्हणणं सुरुवातीला विचित्र वाटतं. त्या म्हणतात, शेवट शोधू नका, कारण या प्रश्नाला तो नाही. दोन्ही गोष्टी एकदम धरायला शिका: तो बहुतेक गेला, आणि कदाचित नसेलही. मी त्याची बायको आहे, आणि आता घरची कर्तीही मीच आहे. एका घरात सून क्रिया करू देत नाही आणि सासू करायची म्हणते, तेव्हा दोघींतली एक चूक असते असं नाही. एकीने कुंकू ठेवावं, दुसरीने पान वाढावं. कुणी कुणाला लवकर उरकायला लावू नये.

2011च्या त्सुनामीत जपानमधली सुमारे 2,500 माणसं अजून बेपत्ता आहेत. ओत्सुची गावात टेकडीवर एक तार नसलेला टेलिफोन आहे. लोक तिथे येतात, गेलेल्याचा नंबर फिरवतात आणि बोलतात. पलीकडे कोणी नाही हे त्यांना ठाऊक असतं. आपल्याकडे टेलिफोनची गरज नाही. सर्वपित्रीला नाव घेता येतं, गौरी-गणपतीत त्याच्या वाटणीची आरती दुसऱ्याने म्हणता येते. गावाने स्मारक करायचं तर '57 बेपत्ता' असं न कोरता नावं कोरावीत.

झोप, जेवण, काम महिनोन्‌महिने थांबलेलं असेल, दारू वाढली असेल किंवा मरणाची भाषा येत असेल, तर वाट बघू नये. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक ऑक्टोबर 2022पासून चालू आहे. तो फुकट आहे, चोवीस तास आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग असतो. 'रत्नागिरीला (म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात) पाठवा' हा टोमणा तेवढा तोंडातून काढून टाकावा. त्या भीतीने माणसं डॉक्टरपर्यंत पोचतच नाहीत.

मुलांना काय सांगायचं?

'बाबा बोटीवर गेलेत, येतील' हे सांगू नये. मूल रस्त्याकडे बघत बसतं, आणि पुढे शाळेत दुसऱ्याच कुणाकडून खरं कळतं तेव्हा त्याचा घरावरचा विश्वासही जातो. खरं तेवढंच सांगावं: खूप शोधलं, मिळाले नाहीत, ते आता येतील असं आम्हाला वाटत नाही. तेच ते दहादा विचारलं तर दहादा सांगावं.

मोठं होताना ते मूल हा हिशेब पुन्हा पुन्हा मांडणार. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या नावाआधी 'कै.' लिहायचं की नाही, हे त्यालाच विचारावं. काही मुलं आठवीत लिहितात आणि नववीत लिहीत नाहीत. गुरुजींनी लाल पेनाने ते दुरुस्त करू नये.